कोठाराशेजारचं घर

शिरूर तालुक्यातलं इनामगाव पुण्यापासून पूर्वेला सुमारे ८९ किलोमीटरवर, घोड नदीच्या उजव्या काठावर आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्वज्ञ इथे मोसमामागून मोसम येत राहिले. ह. धी. सांकलिया, झेड. डी. अन्सारी, म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. त्यांनी एक अख्खं खेडं मातीतून वर काढलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७००, म्हणजे जवळपास नऊशे वर्षं नांदलेलं हे खेडं. शंभराहून जास्त घरं, चुली, पेवं, सातू आणि गव्हाचे जळके दाणे, मडकी आणि माणसं.

माणसं, कारण हे लोक आपले मृत घराच्याच जमिनीखाली पुरत. मूल गेलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत. मोठं माणूस गेलं तर त्याला आडवं निजवत, पण घोट्याखालचे पाय तोडून टाकत. गेलेला जीव घर सोडून भटकू नये म्हणून असं करत असावेत, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज. एका माणसाचे पाय मात्र शाबूत होते. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं. त्याच्या अंगणात चार पायांचा, पोट सुटलेला, कच्च्या मातीचा भला मोठा रांजण सापडला आणि त्यात एक पुरुष मांडी घालून बसलेला. सहावीच्या इतिहासाच्या जुन्या एनसीईआरटी पुस्तकात हे दफन होतं आणि पुढे मुलांना प्रश्न होता, हा या गावाचा प्रमुख असेल का?

ढवळीकरांनी या प्रश्नाला होय असं उत्तर दिलं. इथे मुकुट नव्हता, शिलालेख नव्हता, सिंहासनही नव्हतं. मग कशावरून? रांजण हा एक पुरावा. दुसरा पुरावा त्या घराच्या शेजारचा. तिथे गावाचं धान्याचं कोठार होतं. त्या काळच्या इनामगावात नदीकडचा बांध आणि पाण्याचा पाटही सापडला. पाऊस बेभरवशाचा, माणसं शेकड्यांनी, धान्य आणि पाणी मोजकं. अशा ठिकाणी कोणाला किती आणि कोणाला आधी, हे ठरवणारं कोणीतरी लागतं. तीन हजार वर्षांनंतर नाव पुसलं गेलं, चेहरा गेला, भाषाही गेली. तो ओळखला गेला तो कशाच्या शेजारी राहत होता यावरून.

हे प्रकरण विमानवाहतुकीच्या नियंत्रणाबद्दल आहे. तरी सुरुवात इनामगावच्या टेकाडावरून केली, कारण नेतृत्व ओळखण्याची इतकी स्वच्छ खूण मला दुसरीकडे सापडली नाही.

त्या टेकाडावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं, तर लोहगावचा विमानतळ जवळजवळ सरळ रेषेत येतो. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, त्यामुळे पुण्याला येणाऱ्याजाणाऱ्या प्रवासी विमानांचं नियंत्रणही हवाई दलाकडेच असतं. लढाऊ विमानांचा सराव आणि प्रवाशांची विमानं एकाच धावपट्टीवर पाळीपाळीने चालतात. खालून पाहणाऱ्याला आकाश अफाट दिसतं. एवढ्या मोठ्या पोकळीत दोन विमानांना वाटून घ्यायला काय अडचण, असंच वाटतं. पण आकाशातल्या प्रत्येक विमानाला शेवटी एका अरुंद पट्टीवर उतरायचं असतं. टंचाई आकाशाची नसते, धावपट्टीवरच्या वेळेची असते.

शिरूरच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. घोड धरणात पाणी किती आहे, हा एक प्रश्न. आवर्तन सुटलं की माझ्या चारीला पाळी कधी, हा खरा प्रश्न. पाट एकच, शेतं अनेक. पाटकरी चांगला असेल तर शेपटाकडच्या शेतालाही पाणी मिळतं आणि गावात भांडण होत नाही. धुळे-नाशिककडच्या जुन्या फड पद्धतीत तर पाटकरी, जागल्या, हवालदार अशी माणसं गावच नेमत असे. धावपट्टीचा नियंत्रक हा आकाशाचा पाटकरी आहे. फरक एवढाच, की त्याची पाळी तासांची नसते, सेकंदांची असते.

ही सेकंदं समजून घ्यायला मुंबईला जावं लागेल. मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत. एक साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब, दुसरी तीन किलोमीटरच्या आतली. पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान धावत असेल तर दुसरी रिकामी ठेवावी लागते. म्हणून दोन असूनही एकच, असा हा विमानतळ आहे. २४ नोव्हेंबर २०१७ रोजी या एका धावपट्टीवर चोवीस तासांत ९६९ विमानं उतरली आणि उडाली. ५ जून २०१८ रोजी हा आकडा १,००३ झाला, त्याच वर्षी ८ डिसेंबरला १,००७, आणि ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या गर्दीत, १,०३२. दिवसाची मिनिटं १,४४०. भागाकार केला तर दर ८४ सेकंदांना एक विमान, रात्रंदिवस.

या ८४ सेकंदांत काय काय बसवायचं असतं? उतरायला येणारं विमान शेवटच्या टप्प्यात ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे एक किलोमीटर चौदा-पंधरा सेकंदांत. विमानतळाजवळ, रडारखाली, दोन विमानांमध्ये निदान तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर अंतर हवं. पुढचं विमान अवजड असेल तर आणखी जास्त, कारण त्याच्या पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे भोवरे मागे बराच वेळ फिरत राहतात आणि मागच्या लहान विमानाला कलंडवू शकतात. आता दोन उतरणाऱ्या विमानांच्या मधे एक उडणारं विमान घालायचं आहे. अंतर थोडं कमी पडलं तर उतरणाऱ्याला पुन्हा वर जायला सांगावं लागतं, आणि ते विमान वळसा घालून सगळ्या रांगेत पुन्हा शिरतं. अंतर थोडं जास्त झालं तर एक पाळी वाया गेली. वाया गेलेली पाळी परत मिळत नाही. पाटातलं पाणी निदान पुढच्या शेताला तरी जातं.

हे साधायला खूप माणसांची घडी एकत्र बसावी लागते. उतरलेल्या वैमानिकाने जवळच्या बाहेरच्या वाटेने धावपट्टी चटकन सोडायची. उडणाऱ्याने परवानगी मिळताच निघायचं, धावपट्टीवर येऊन तयारी करत बसायचं नाही. दूरवर, शंभर-दोनशे किलोमीटरवरच, विमानांचा वेग कमीजास्त करून रांग लावायची, म्हणजे विमानतळाशी येईपर्यंत गर्दी होत नाही. मुंबईने यासाठी ब्रिटनच्या नॅट्स या संस्थेतल्या जाणकारांचा सल्ला घेतला, धावपट्टीवरून बाहेर पडण्याच्या वाटा सुधारल्या, वैमानिकांना आणि कंपन्यांना सोबत घेतलं. २०१३ मध्ये उद्घाटन झालेल्या ८३.८ मीटर उंच नव्या मनोऱ्यातून नियंत्रकांना सगळा पट नजरेखाली आला.

या सगळ्यात नेता कोण? वर्तमानपत्रांत आकडा छापून आला, विमानतळाचं नाव आलं. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्यांची नावं कोणाला माहीत नाहीत, आणि ते या कामाच्या स्वभावाला धरूनच आहे. रेडिओवर नियंत्रकाला नाव नसतं. वैमानिकाला ऐकू येतो तो ‘मुंबई टॉवर’ नावाचा एक आवाज. मनोऱ्यात किंवा रडारच्या खोलीत प्रत्येक पाळीला एक वरिष्ठ असतो, वॉच सुपरवायझर. तो बहुतेक वेळ कुठल्याच विमानाशी बोलत नाही. खुर्च्यांच्या मागे उभा असतो. कोणाच्या आवाजाची गती वाढली, कोणी एकाच विमानाला दोनदा तेच सांगितलं, कोणाच्या पडद्यावर गर्दी होतेय, हे तो ऐकतो आणि पाहतो. गर्दी व्हायच्या आधी एका क्षेत्राचे दोन भाग करून दुसरा माणूस बसवतो. थकलेल्याला उठवतो. चांगला सुपरवायझर असलेल्या रात्री सांगण्यासारखं काहीच घडत नाही. कोठाराशेजारचं घर म्हणजे ही मागे उभं राहायची जागा.

जिथे यश म्हणजे ‘काही झालं नाही’, तिथे शाबासकी कशाला द्यायची? जगभरच्या या व्यवसायाने आपापल्या परीने याची उत्तरं शोधली आहेत.

सगळ्यात सोपं, संकटातल्या धैर्याला मान देणं. अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस दोन झेंडे घेऊन धावपट्टीच्या टोकाला बसे. एक झेंडा थांबण्यासाठी, दुसरा जाण्यासाठी. खुर्ची, छत्री, पाणी आणि जेवण तो एका हातगाडीवर घालून नेई. त्याला अमेरिकेतला पहिला विमान नियंत्रक मानतात. त्याच्या नावाचं सुरक्षा पदक २००४ पासून तिथली नियंत्रकांची संघटना देते. ढगांत हरवलेल्या, इंधन संपत आलेल्या वैमानिकाला आवाजाच्या आधाराने खाली आणणाऱ्यांना ते मिळतं. असे प्रसंग ऐकताना अंगावर काटा येतो, आणि हा मान योग्यच आहे. दुसरा पुरस्कार ग्लेन गिल्बर्ट यांच्या नावाचा. हे तिथल्या अगदी सुरुवातीच्या सरकारी नियंत्रकांपैकी. त्यांनी नियम लिहून काढले, पद्धती बसवल्या. हा सन्मान आयुष्यभराच्या कामासाठी असतो. पहिल्या पदकाला एक रात्र पुरते, दुसऱ्याला चाळीस वर्षं लागतात.

या दोन्हींच्या मधे कुठेतरी बेन स्लायनी यांची गोष्ट बसते. ११ सप्टेंबर २००१ हा अमेरिकेच्या हवाई वाहतुकीच्या राष्ट्रीय केंद्रात कामकाज व्यवस्थापक म्हणून त्यांचा पहिला दिवस होता. न्यूयॉर्कचे मनोरे पेटल्यावर, पुढचं अपहृत विमान कुठलं हे कळत नसताना, त्यांनी देशावरच्या आकाशातली सगळी विमानं जवळच्या विमानतळावर उतरवायचा आदेश दिला. त्या वेळी वर चार हजारांहून अधिक विमानं होती. त्यांनी वरून परवानगी येण्याची वाट पाहिली नाही. पण मला त्या दिवसाचा दुसरा भागही तितकाच मोठा वाटतो. आदेश एकाने दिला, पण पूर्वी कधीही न केलेली ती गोष्ट काही तासांत पार पाडली शेकडो अनोळखी नियंत्रकांनी. तशी माणसं वर्षानुवर्षं घडवणाऱ्यांना त्या दिवसाचं श्रेय कोणी विचारलं नाही.

महाराष्ट्रात नेतृत्वाची याहून शांत खूण नागपूरला सापडते. १९४९ मध्ये, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक डाकोटा विमान रात्री निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला उतरत. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरात परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत पडलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. तेव्हा आजच्यासारखी रडारं नव्हती. चार दिशांची चार विमानं एका अंधाऱ्या मैदानावर रोज रात्री भेटवायची, तर सगळी भिस्त वेळापत्रकावर, दिव्यांवर आणि रेडिओवर बसलेल्या माणसांवर. ते वेळापत्रक हीच त्या नेतृत्वाची सही.

नेतृत्व नसलं तर काय होतं, हे युरोपने १ जुलै २००२ च्या रात्री पाहिलं. जर्मनीतल्या युबरलिंगन गावावर दोन विमानं हवेत आदळली आणि ७१ जण गेले. त्यात शाळकरी मुलं खूप होती. त्या आकाशाचं नियंत्रण स्वित्झर्लंडमधल्या झुरिचकडे होतं. त्या रात्री एकटा नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता, दुरुस्तीसाठी टेलिफोनची मुख्य लाइन आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा एक भाग बंद होता. रात्री एकाने बसायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, ही पद्धत व्यवस्थापनाने वर्षानुवर्षं चालू दिली होती. त्या नियंत्रकाचा पुढे, २००४ मध्ये, मुलं आणि पत्नी गमावलेल्या एका माणसाने खून केला. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने त्या कंपनीतल्या चौघांना दोषी ठरवलं, त्यांत व्यवस्थापक होते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मागे त्या रात्री कोणीच उभं नव्हतं. न्यायालयाने बोट ठेवलं ते त्या रिकाम्या जागेवर.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ विसरता येत नाही. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाकस्तानची विमानं धडकली, ३४९ जण मरण पावले. हवेतल्या टकरींमधली ही जगातली सर्वांत भीषण. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं. चौकशीत दिल्लीच्या नियंत्रकाचा दोष आढळला नाही. पण त्या वेळी दिल्लीत येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने जात, आणि नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारी रडारं आली, विमानांना टक्कर टाळणारं यंत्र बसवणं सक्तीचं झालं. दोष कोणाचा हे ठरल्यावर फाइल बंद करणं सोपं होतं. नियंत्रक निर्दोष ठरूनही त्याच्या हातातलं साधन अपुरं होतं हे मान्य करणं आणि ते बदलणं, हे काम पुढाऱ्याचं.

आणि आता परत मुंबई. तासाला ४६ विमानं, दिवसाला हजारांवर, विक्रमामागून विक्रम. त्याच वेळी विमानं मुंबईवर घिरट्या घालत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आकडे मांडले. गर्दीमुळे विमानांना ४० ते ६० मिनिटं वरच फिरत राहावं लागत होतं. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर इंधन जळतं, म्हणजे एका विमानामागे १.८ लाख रुपयांच्या आसपास. मग निर्णय झाला. गर्दीच्या तासांत ४६ ऐवजी ४४, एरवी ४४ ऐवजी ४२. खासगी विमानांच्या वेळांवरही मर्यादा आली.

तासाला दोन विमानं कमी. या निर्णयाने कोणताही विक्रम झाला नाही. कंपन्यांची उड्डाणं गेली, प्रवाशांची तिकिटं बदलली, टीका झाली. पण ४६ विमानं तासाला, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. ४४ म्हणजे दर ८२ सेकंदांना एक. वैमानिकाला धावपट्टी सोडायला उशीर झाला, एखाद्याने वाक्य नीट ऐकलं नाही, पावसाची सर आडवी आली, तर ते सावरायला हे चार सेकंद आहेत. १,०३२ चा दिवस कौतुकाचा आहेच. तरी मला पुरस्कार द्यायचा असता, तर तो मी या चार सेकंदांना दिला असता. आवर्तनात पाणी कमी आहे हे ओळखून पाटकरी पेरणीच्या आधीच ‘यंदा ऊस लावू नका’ म्हणून सांगतो, तेव्हा त्याला शिव्याच बसतात. कोठार उघडून देणारा सगळ्यांना आवडतो. बियाणं राखून ठेवायला लावणाऱ्याचं मोल पेरणीच्या वेळी कळतं.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात तिथून विमानं सुरू झाली. मुंबईवरचा भार आता दोन ठिकाणी वाटला जाईल. पण दोन्ही विमानतळ एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की त्यांच्या वाटा एकाच आकाशातून गुंफाव्या लागतात. एकाची उतरायची रांग दुसऱ्याच्या उडायच्या वाटेवर येऊ नये, यासाठी दोन मनोऱ्यांना आणि रडारच्या खोलीला सतत एकमेकांशी बोलत राहावं लागतं. पाट दोन झाले, धरण एकच आहे.

पाळी बदलते तेव्हा नियंत्रक लगेच उठून जात नाही. येणारा त्याच्याशेजारी उभा राहतो, हेडफोन लावतो आणि काही मिनिटं नुसता ऐकतो. पडद्यावरचं प्रत्येक विमान, प्रत्येकाला दिलेली उंची, कोणाला काय सांगून झालंय आणि काय सांगायचं बाकी आहे, हे जाणारा एकेक करून सांगतो. येणाऱ्याच्या डोक्यात ते चित्र पुरतं उतरलं की मगच तो खुर्ची घेतो. वरच्या वैमानिकाला आवाज बदललेला जाणवतो, एवढंच. जाणारा खाली येतो, बसची वाट पाहतो, आणि त्याच्या डोक्यावरून, चौऱ्याऐंशी सेकंदांनी, पुढचं विमान उतरतं.